‘डॉक्टर हू’ १९६३पासूनच पाहायला हवी, हे कोणी सांगितलं?

‘डॉक्टर हू पाहण्याची योग्य पद्धत’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यातला मुख्य दावा असा: ‘डॉक्टर’ नावाच्या, चेहरे बदलत काळात फिरणाऱ्या परग्रहवासीची ही ब्रिटिश विज्ञानमालिका १९६३ साली सुरू झाली, म्हणून तेव्हापासून क्रमाने, एकही भाग न गाळता पाहा, २००५ची मालिका थेट लावलीत तर डोक्यावरून जाईल. पुढे आणखी मुद्दे आहेत. आधी गॅलिफ्रे (डॉक्टरचा ग्रह), टाइम लॉर्ड (तिथले लोक), टाइम वॉर (त्यांचं एक युद्ध) यांची माहिती वाचून घ्या. २००५चा पहिला सीझन कच्चा आहे, सोडला तरी चालेल. २००५ला जुनं सगळं रद्द करून गोष्ट नव्याने मांडली. आणि इतका वेळ नसेल तर २०२४चा ‘सीझन १’ पाहा, तो खास नवख्यांसाठी आहे.

जुनं पाहिल्याशिवाय कळणार नाही आणि जुनं रद्द झालंय, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील?

माझ्या अकरावीतल्या भाचीने हा मेसेज वाचला आणि नुकतीच पाहायला घेतलेली मालिका बंद केली. ‘मावशी, एवढं सगळं कोण बघत बसणार?’ म्हणाली. तिचं काहीच चुकलं नाही. चुकलं ते ज्याने अर्धवट माहितीवर नियमावली लिहिली त्याचं, आणि न तपासता ती पुढे ढकलणाऱ्यांचं.

पहिला दावा आधी घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो आहे. १९६३ ते १९८९ या काळात मालिकेचे जवळपास ७०० भाग झाले. ते क्रमाने, एकही न गाळता पाहणं कुणालाच शक्य नाही. ते सगळे आज अस्तित्वातच नाहीत. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती, पुन्हा दाखवण्याचे हक्क मर्यादित होते, लोक कधी घरी बसून जुने भाग पाहतील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बीबीसीने टेपा पुसून परत वापरल्या, फिल्मवरच्या प्रतीही टाकून दिल्या. साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग असे गेले. परदेशी केंद्रांना विकलेल्या प्रतींमुळे अधूनमधून काही हाती लागतात. २०१३मध्ये नायजेरियातून नऊ हरवलेले भाग परत आले. पण १९६६ साली विल्यम हार्टनेल जाऊन पॅट्रिक ट्रौटन डॉक्टर झाले, तो भाग अख्खा मिळत नाही, चेहरा बदलतानाचा तुकडा तेवढा शिल्लक आहे. त्याला लागून आलेली ट्रौटन यांची पहिली सहा भागांची कथा तर पूर्ण गेली. चाहत्यांनी प्रक्षेपणाच्या वेळी घरी टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलेला आवाज आहे आणि त्यावर नंतर केलेलं ॲनिमेशन आहे. एकही भाग गाळू नका म्हणणाऱ्याने हे नव्वद भाग पाहिलेत कुठे?

जुने भाग पाहूच नका, असं मी म्हणत नाही. पहिलावहिला भाग तर जरूर पाहा. लखनौला जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी तो दिग्दर्शित केला आहे. दोन शिक्षक एका विचित्र विद्यार्थिनीच्या मागे मागे एका भंगाराच्या आवारात शिरतात आणि निळ्या पोलिस-पेटीचं, म्हणजे त्या रूपातल्या डॉक्टरच्या यानाचं, दार उघडतं. डॉक्टर कोण, कुठला, हे तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. टाइम लॉर्ड हा उल्लेख पहिल्यांदा आला १९६९मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. गॅलिफ्रे हे त्याच्या ग्रहाचं नाव १९७३च्या शेवटी, म्हणजे दहा वर्षांनी. १९६३ साली टीव्हीसमोर बसलेल्या मुलांनी ही माहिती आधी वाचली नव्हती. मग २००५च्या, आजच्या प्रेक्षकाने ती पाठ करूनच का बसायचं?

आता २००५. २६ मार्चला ‘रोझ’ हा भाग लागला, रसेल टी. डेव्हिस यांनी लिहिलेला. १९८९ला मालिका बंद पडली होती, मध्ये १९९६चा एक टीव्ही-चित्रपट सोडला तर सोळा वर्षं काही नाही. समोर बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांचा जन्मही जुनी मालिका संपल्यानंतरचा. हा भाग त्यांच्यासाठीच कसा रचला आहे, ते नुसतं क्रमाने पाहिलं तरी लक्षात येतं.

गजर होतो. एकोणीस वर्षांची रोझ टायलर उठते, आईचा निरोप घेते, बस धरते, लंडनमधल्या एका कपड्यांच्या मोठ्या दुकानात कामाला जाते. दुकान बंद होताना लॉटरीचे पैसे पोचवायला तळघरात उतरते. तिथले पुतळे हलायला लागतात, ती भिंतीला टेकते, आणि कुणीतरी तिचा हात धरून म्हणतं, पळ. डॉक्टर आपल्याला भेटतो तो असा. तोवर ना ग्रह, ना यान, ना इतिहास. तो कोण आहे हे रोझला माहीत नाही, म्हणून आपल्यालाही माहीत नसलं तरी बिघडत नाही. ती विचारते, तो टाळतो. ती इंटरनेटवर शोधते, एका छांदिष्ट माणसाकडे पोचते, तो जुने फोटो दाखवतो. निळ्या पेटीत शिरते, बाहेर पळते, पेटीला चक्कर मारते, पुन्हा आत जाते. मग सरळ प्रश्न: आतून मोठं आहे? हो. परग्रहाचं आहे? हो. तूही? हो. आणि हे यान काळातही फिरतं, हे तिला सोबत नेण्यासाठी तो अगदी शेवटच्या मिनिटात सांगतो. अख्ख्या मालिकेचा पाया ज्यावर उभा आहे ती गोष्ट शेवटी! ती ऐकून रोझ धावत आत जाते आणि भाग संपतो.

ते हलते पुतळे १९७०च्या कथेतले आहेत. जुन्या चाहत्याने ते ओळखले. नव्याला दुकानातला पुतळा हलला एवढं पुरे. त्यांचं जुनं नाव, ऑटन, भागात एकदाही उच्चारलेलं नाही. टाइम लॉर्ड हा उल्लेख दुसऱ्या भागात येतो. गॅलिफ्रे तर २००६च्या नाताळच्या भागापर्यंत येतच नाही. यूकेमध्ये ‘रोझ’ एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिला. त्या सगळ्यांनी आधी जुने भाग संपवले होते का?

आणि टाइम वॉर. आधी वाचून घ्या म्हणून सांगितलेल्या यादीत हे पाहून मला खरंच राग आला. हे युद्ध जुन्या मालिकेत कुठेच नाही. ते १९९६ आणि २००५च्या मधल्या काळात, पडद्याआड घडलेलं आहे. डॉक्टरचा ग्रह गेला, त्याची माणसं गेली, तो एकटा उरला, हे २००५मध्ये पहिल्यांदाच कळतं. जुन्या मालिकेचे सव्वीस सीझन तोंडपाठ असणाऱ्यालाही त्या दिवशी रोझइतकीच माहिती होती. डेव्हिस यांनी ही योजना करून जुन्या-नव्या प्रेक्षकांना एका ओळीत आणून बसवलं. हे आधीच वाचून ठेवलंत तर पहिल्या सीझनमधला डॉक्टर असा गप्प गप्प का आहे, हे हळूहळू उलगडण्यातली सगळी मजा गेली.

सहावा भाग, ‘डालेक’, बघा. जमिनीखालच्या एका खासगी संग्रहात साखळदंडाने बांधलेला एक प्राणी. मालकाला तो काय आहे हे माहीत नाही. रोझला त्याची दया येते. डॉक्टर मात्र अंधारात त्याचा आवाज ऐकतो आणि दाराकडे धाव घेऊन ते बडवायला लागतो. डॉक्टरचा जुना शत्रू असलेला हा डालेक किती भयंकर, हे त्या घाबरलेल्या चेहऱ्यावर कळतं. माहितीपत्रक लागत नाही.

याच्या उलट कसं होतं, त्याचा दाखला १९९६च्या टीव्ही-चित्रपटात आहे. सुरुवातीलाच निवेदनात स्कॅरो, मास्टर, टाइम लॉर्ड, गॅलिफ्रे अशी नावं धडाधड येतात. मग एक डॉक्टर, ज्याला नवा प्रेक्षक ओळखत नाही, गोळ्या लागल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर मरतो आणि दुसरा त्याच्या जागी येतो. पहिल्याची ओळख नाही तर त्याच्या जाण्याचं दुःख कसलं? नवे डॉक्टर झालेल्या पॉल मॅकगॅन यांनी काम छान केलं, पण अमेरिकेत पुरेसे प्रेक्षक मिळाले नाहीत आणि पुढे मालिका झाली नाही. अपयशाचं कारण एवढंच नसेलही. पण मेसेजवाला सांगतो आहे ती पद्धत, म्हणजे आधी माहिती आणि मग गोष्ट, ही तीच आहे.

पहिला सीझन सोडा, हा सल्ला तर उरफाटा आहे. हो, काही दृश्यं आज बाळबोध वाटतात. कचऱ्याचा डबा माणूस गिळून ढेकर देतो, ते मलाही आवडत नाही. पण डॉक्टरचा चेहरा बदलतो म्हणजे काय, हे त्या सीझनच्या शेवटी तो रोझला समजावतो, आणि क्रिस्टोफर एकल्स्टन यांच्या जागी डेव्हिड टेनंट उभे राहतात. तेच गाळून टेनंटपासून सुरू करणाऱ्याला कोण गेलं आणि का गेलं, काहीच कळणार नाही.

‘जुनं रद्द केलं’ हे साफ खोटं. २००६मध्ये डॉक्टरची जुनी सोबती सॅरा जेन स्मिथ परत आली, सत्तरच्या दशकात ती भूमिका करणाऱ्या एलिझाबेथ स्लेडन यांच्याच रूपात. गोष्ट तीच पुढे चालू आहे.

उरला २०२४चा ‘सीझन १’. इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. १९६३, २००५ आणि २०२४ असे तीन पहिले सीझन झाल्यावर नवखा गोंधळणारच, आणि डॉक्टर झालेल्या शूटी गाटवा यांचा हा सीझन नव्यांना डोळ्यासमोर ठेवूनच सुरू होतो. पण ‘स्पेस बेबीज’ या त्याच्या पहिल्या भागात डॉक्टर आपली नवी सोबती रुबी हिला सुरुवातीच्या काही मिनिटांतच ग्रह, दत्तक जाणं, सगळ्यांचा अंत असं सगळं भडाभडा सांगून टाकतो. रोझला ज्यासाठी वाट पाहावी लागली ते रुबीला विचारताक्षणी मिळतं. आणि सीझनच्या शेवटी खलनायक कोण, तर १९७५च्या कथेतला सुतेख! बीबीसीने शेवटच्या भागाआधी ती जुनी कथा मुद्दाम पुन्हा दाखवली. नवख्यांसाठी म्हणून मांडलेल्या सीझनला हा टेकू लागला, हे मला पटलेलं नाही. तरीही त्यासाठी चार भागांची एक कथा पुरते, सातशे भाग नव्हेत.

तेव्हा सुरुवात ‘रोझ’पासून करा. एकल्स्टन नाहीच रुचले तर ३ एप्रिल २०१०चा ‘द इलेव्हन्थ अवर’ लावा. तिथे मुख्य लेखक, डॉक्टर, सोबती सगळेच नवे आहेत आणि घरात एकटी असलेली लहानगी अमेलिया भिंतीतल्या भेगेला घाबरून मदत मागते आहे. आणि एकच भाग पाहायचा असेल तर विनय पटेल यांनी लिहिलेला २०१८चा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ पाहा. शेफील्डची यास्मिन खान आपल्या आजीचा भूतकाळ पाहायला ऑगस्ट १९४७मध्ये पोचते, तिथे आजीच्या लग्नाची तयारी चाललेली असते, आणि फाळणीची रेघ त्याच शेतातून जाते. त्याच्याआधी काय घडलं, हे आपल्याकडच्या कुणालाही वेगळं वाचून घ्यावं लागणार नाही.