१९०८ चा खटला जिनांनी लढवला नाही: टिळकांवरच्या त्या फॉरवर्डला उत्तर

२३ जुलै आणि १ ऑगस्ट जवळ आले की रत्नागिरी, चिपळूणपासून खाली सावंतवाडीपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: बॉम्बच्या कटात हात असल्याचं सिद्ध झाल्यावर १९०८ साली लोकमान्य टिळकांवर खटला चालला. एकही आपला वकील पुढे आला नाही, शेवटी बॅरिस्टर जिनांनी खटला लढवला. इंग्रज न्यायाधीश आणि ज्युरीने (निवाडा देणाऱ्या पंचांनी) एकमताने दोषी ठरवलं. टिळकांनी कोर्टात ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ अशी गर्जना केली. त्यांना काळ्या पाण्यावर पाठवलं आणि त्यांच्या बदल्यात ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणलं.

हाच मजकूर पुढे शाळांच्या भाषणांत आणि मंडळांच्या फलकांवर जातो. टिळकांचा जन्म ज्या गावात झाला तिथे तरी त्यांचा खटला नीट माहीत असायला हवा, म्हणून एकेक विधान तपासून घेऊ.

सगळ्यात मोठी गल्लत जिनांच्या नावाची आहे, आणि ती होण्याचं कारण साधं आहे. टिळकांवर राजद्रोहाच्या कायद्याखाली तीन वेळा कारवाई झाली: १८९७, १९०८ आणि १९१६. फॉरवर्डने या तिन्हींची एकच भेळ केली आहे. १९०८ मध्ये जिना कोर्टात उभे राहिले हे खरं, पण ते जामिनासाठी. टिळकांना २४ जून १९०८ रोजी मुंबईत सरदारगृहात अटक झाली. प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला, तेव्हा २ जुलैला हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे जिनांनी अर्ज चालवला. तोही फेटाळला गेला. १३ जुलैला प्रत्यक्ष खटला सुरू झाला तेव्हा टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. १५ जुलैला दुपारी ते बोलायला उभे राहिले आणि मधल्या सुट्ट्या धरून २२ जुलैला दुपारी थांबले. भाषणाची एकूण वेळ २१ तास १० मिनिटं भरली. जिनांनी टिळकांचा खटला पूर्ण लढवला आणि जिंकला तो १९१६ मध्ये. त्याकडे पुढे येऊच.

‘एकही वकील पुढे आला नाही’ हे वाक्य तर त्या काळच्या माणसांवर अन्याय करणारं आहे. जोसेफ बॅप्टिस्टा पहिल्यापासून सोबत होते आणि ज्युरीच्या प्रश्नावर त्यांनीच युक्तिवाद केला. दादासाहेब करंदीकर, दादासाहेब खापर्डे ही मंडळीही टिळकांच्या मदतीला होती. टिळक स्वतः एलएल.बी. होते, कायद्याचे वर्ग चालवलेले होते. स्वतः बोलायचं हा त्यांचा निर्णय होता, नाइलाज नव्हता. शिवाय अटकेच्या वेळी ते मुंबईत होते तेच मुळी दुसऱ्याच्या खटल्यासाठी. ‘काळ’चे संपादक शिवराम महादेव परांजपे, आपल्या महाडचे, त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालू होता आणि त्यांच्या मदतीला टिळक आले होते. परांजप्यांना ८ जुलैला १९ महिन्यांची शिक्षा झाली.

आता ‘बॉम्बच्या कटात हात सिद्ध झाला’. कटाचा आरोपच नव्हता, मग सिद्ध काय होणार? ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बॉम्ब टाकला, त्यात केनेडी मायलेकी मारल्या गेल्या. त्यावर ‘केसरी’त लेख आले, आणि टिळकांवरचे आरोप फक्त त्यांतल्या दोन लेखांचे होते. १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. आरोप तीन: दोन्ही लेखांसाठी १२४ अ, म्हणजे राजद्रोह, आणि दुसऱ्या लेखासाठी शिवाय १५३ अ, म्हणजे दोन वर्गांत वैर पसरवणं. लेखांचा रोख असा होता की बॉम्ब फेकणं वाईटच, पण दडपशाहीने ते थांबणार नाही, लोकांना हक्क द्या. दुसऱ्या लेखाच्या आदल्या दिवशी, ८ जूनला, सरकारने स्फोटक पदार्थांचा आणि वृत्तपत्रांचा असे दोन नवे कायदे केले होते. दुसऱ्या लेखातले ‘उपाय’ ते हेच.

मग कटाची गोष्ट आली कुठून? एका कार्डावरून. अटकेनंतर पुण्याच्या घराची झडती झाली, तेव्हा एक पोस्टकार्ड सापडलं. त्यावर स्फोटकांवरच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावं लिहिलेली होती. पुस्तकं नव्हती, नुसती नावं. सरकारी पक्षाने हे कार्ड पुराव्यात घातलं. टिळकांचं स्पष्टीकरण असं की नव्या कायद्यात ‘स्फोटक’ची व्याख्या फार सैल आहे, तिच्यावर लिहायचं म्हणून संदर्भ टिपून ठेवले होते. संपादकाच्या टेबलावर असं कार्ड सापडणं यात काहीच वावगं नाही. पण बॉम्बच्या बातम्या ताज्या असताना ज्युरीच्या हातात ते कार्ड गेलं की त्याचा परिणाम काय होतो, हे ज्याने कोर्ट पाहिलं आहे त्याला सांगावं लागत नाही. आरोप एका गोष्टीचा आणि कागद दुसऱ्याच गोष्टीचा, अशी ती मांडणी होती.

न्यायाधीश इंग्रज नव्हता. दिनशा दावर पारशी होते, आणि त्याहून मोठी गोष्ट ही की १८९७ च्या खटल्यात टिळकांचा जामीनअर्ज वकील म्हणून याच दावरांनी चालवला होता. तेव्हा न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. अकरा वर्षांनी तेच दावर न्यायासनावर बसले आणि त्याच आरोपीला, त्याच कलमाखाली जामीन नाकारला. कारणं सांगायचंही टाळलं.

ज्युरीचं मत एकमताचं नव्हतं. सात विरुद्ध दोन असं होतं. इथे जरा थांबायला हवं, कारण खटल्याचा निकाल खरं तर इथे ठरला. सरकारने ३ जुलैला ‘स्पेशल ज्युरी’ मागितली. साध्या ज्युरीच्या यादीत एतद्देशीय माणसं पुष्कळ असत, स्पेशलच्या यादीत युरोपियनांचा भरणा असे. बॅप्टिस्टांनी हरकत घेतली ती याच मुद्द्यावर: लेख मराठीत आहेत, आणि निवाडा करणार मराठीचं अक्षर न कळणारे. दावरांनी सरकारची मागणी मान्य केली. ज्युरीवर सात युरोपियन आणि दोन पारशी आले.

त्यात नियम असा होता की हायकोर्टात नऊपैकी किमान सहा जणांचं मत एक झालं आणि न्यायाधीश त्याच्याशी सहमत असला की निकाल पक्का. म्हणजे स्पेशल यादीतून सहा युरोपियन बसले की बाकी तिघांनी काहीही म्हटलं तरी फरक पडत नाही. १८९७ मध्ये बरोबर तसंच झालं होतं: सहा युरोपियन विरुद्ध तीन हिंदी, दोषी, अठरा महिने सक्तमजुरी. १९०८ मध्ये सात युरोपियनांनी दोषी म्हटलं, दोन पारशांनी निर्दोष. फॉरवर्डमधल्या ‘एकमताने’ या एका शब्दाने त्या दोन पारशी गृहस्थांचं मत पुसून टाकलं आहे. गावच्या फलकावर दुसरं काही दुरुस्त करायला जमलं नाही तरी एवढं करा.

भाषेचा मुद्दाही तोंडी लावण्यापुरता नव्हता. ज्युरीपुढे मराठी लेख गेलाच नाही, सरकारी भाषांतर गेलं. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि आपल्या भाषणाचा मोठा भाग शब्दांवर खर्च केला. आपल्याला हे पटकन समजेल असं उदाहरण घेऊ. ‘जुलमी’ हा शब्द आपण सासूला, मास्तरला, उन्हालासुद्धा लावतो. त्याचं इंग्रजी करताना ‘टिरॅनिकल’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकदम सिंहासन आणि तलवार येते. अशा वीस-पंचवीस शब्दांचा रंग एकेक छटा गडद झाला की टीकेचा लेख चिथावणीचा होतो. आणि कायद्यात फरक तेवढाच होता: सरकारच्या कामावर नापसंती दाखवणं गुन्हा नाही, सरकारविषयी द्वेष किंवा अप्रीती पसरवणं गुन्हा.

टिळकांनी साक्षीदार बोलावले नाहीत, पण वर्तमानपत्रांचे उतारे पुराव्यात दिले. त्यामुळे शेवटचा शब्द सरकारी पक्षाकडे गेला. २२ जुलैला टिळकांचं भाषण संपल्यावर ॲडव्होकेट जनरल ब्रॅन्सन बोलले, मग दावरांनी ज्युरीला समजावून सांगितलं. एवढा सगळा कार्यक्रम त्याच संध्याकाळी उरकला. रात्री ८ वाजून ३ मिनिटांनी ज्युरी उठली, ९ वाजून २० मिनिटांनी परतली. सव्वा तासात मत झालं होतं. शिक्षेआधी बोलायची संधी मिळाली तेव्हा टिळकांनी काय म्हटलं ते मुंबई हायकोर्टात सेंट्रल कोर्टाबाहेर संगमरवरी पाटीवर कोरलेलं आहे. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते ती पाटी बसली. अर्थ असा: ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, वस्तुमात्राचं भवितव्य चालवणाऱ्या शक्ती याहून वरच्या आहेत, आणि मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या दुःखभोगानेच माझ्या कार्याला बळ यावं अशी ईश्वराची इच्छा असेल. ‘जन्मसिद्ध हक्क’ त्यात नाही. ती घोषणा होमरूल म्हणजे स्वराज्याच्या चळवळीच्या काळातली, १९१६ ची.

शिक्षा झाली ती प्रत्येक लेखाला तीन वर्षं, एकापाठोपाठ एक, मिळून सहा, आणि १५३ अ साठी एक हजार रुपये दंड. शिक्षेचा प्रकार ‘ट्रान्सपोर्टेशन’, ज्याला मराठीत काळं पाणी म्हणायची रीत होती. फॉरवर्डचं बोट इथे घसरतं. कोर्टाने काळं पाणी म्हटलं खरं, पण सप्टेंबरात सरकारने ते साध्या कैदेत बदललं, दंड माफ केला, आणि साबरमतीच्या तुरुंगातून टिळकांना ब्रह्मदेशातल्या मंडालेला नेलं. अंदमानात ते कधीच नव्हते. अंदमान आणि रत्नागिरी ही जोडी सावरकरांची: १९११ ला अंदमान, १९२१ ला रत्नागिरीचा तुरुंग, नंतर १९२४ पासून जिल्ह्यात स्थानबद्धता. मंडाले सौम्य होतं असा याचा अर्थ नाही. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई जून १९१२ मध्ये पुण्यात वारल्या, तेव्हा टिळक मंडालेच्या कोठडीतच होते. सुटका जून १९१४ मध्ये. इकडे शिक्षेनंतर मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या, वर्षाला एक दिवस.

आता १९१६. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून नोटीस निघाली, ती टिळकांच्या हातात पडली २३ जुलैला, साठी पुरी झाली त्या दिवशी. हा नेहमीसारखा खटलाच नव्हता. ‘वर्षभर नीट वागाल याची हमी द्या’ असा दावा होता: स्वतःचा वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने तसा हुकूम केला. जिना हायकोर्टात गेले, आणि ९ नोव्हेंबरला न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी हुकूम रद्द केला. सुटं वाक्य धरू नका, पूर्ण भाषणाचा परिणाम पाहा, हे त्या निकालाचं सूत्र. इथे ज्युरी नव्हती, हेही ध्यानात घ्या.

राहिला थिबा. त्याचं राज्य गेलं १८८५ मध्ये आणि त्याला रत्नागिरीत आणलं १८८६ मध्ये. टिळक मंडालेला गेले त्याच्या बावीस वर्षं आधी. अदलाबदल कसली होणार? एवढं मात्र खरं की १९०८ ते १९१४ या सहा वर्षांत रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेच्या किल्ल्यात कैदेत होता आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत नजरकैदेत. टिळक परतले. थिबा डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला, त्याची समाधीही इथेच आहे.