‘टॉवर गावाबाहेर न्या’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पॉवर कंट्रोल (गरजेपुरतीच पॉवर वापरण्याची सोय) ही कंपन्यांची थाप आहे, टॉवर चोवीस तास फुल पॉवरवर चालतो, जितक्या अँटेना तितक्या पट रेडिएशन, आणि टॉवर गावाबाहेर न्यायला विरोध करून मी कंपन्यांची तळी उचलतोय.

चोवीस तासांचं बरंचसं खरं आहे. टू-जीमध्ये प्रत्येक सेलचा (टॉवर सांभाळतो त्या एका भागाचा) एक कॅरियर, म्हणजे एक रेडिओ लहर, कुणी बोलो न बोलो, कायम पूर्ण पॉवरवर असतो. तो मोजूनच फोन टॉवर निवडतो. पण पॉवर कंट्रोलबद्दल मी आधी लिहिलं होतं ते फोनच्या पॉवरबद्दल, आणि ती टॉवर ठरवतो.

९०० मेगाहर्ट्झवरचा टू-जी फोन जास्तीत जास्त २ वॅट फेकतो. फोन नीट ऐकू येत असेल तर टॉवर त्याची पॉवर २-२ डेसिबलच्या पायऱ्यांनी उतरवत पार ३ मिलिवॅटपर्यंत आणतो. थ्री-जीत असे हुकूम सेकंदाला १५०० सुटतात, कारण तिथे सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. टॉवरखालचा एक फोन ओरडला की लांबचे सगळे बुडाले. कंपनीला तुमच्या तब्येतीची काळजी असो नसो, हे केल्याशिवाय तिचं नेटवर्क चालतच नाही.

पटत नसेल तर जुना टू-जी फोन स्पीकरशेजारी ठेवून कॉल लावा. सुरुवातीची टर्रर्र जोरात येते, कारण पहिली हाक कमाल पॉवरची असते. टॉवर जवळ असेल तर ती लगेच बसते. घाटात, रेंजची एकच काडी असताना, बसत नाही.

आता अँटेना. त्या पांढऱ्या उभ्या पॅनलमध्ये सहसा एकमेकांना काटकोनात तिरके असे अँटेनांचे दोन संच असतात. ९०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३३ सेंटीमीटर. भिंतींवर आपटून येणारा फोनचा सिग्नल तुम्ही वीतभर सरकलात तरी एका संचावर शंभराव्या हिश्शावर येऊ शकतो. तेव्हा दुसऱ्यावर तो बहुधा बरा असतो. टॉवर त्यातला बरा निवडतो किंवा दोन्ही जोडतो. जोडले तर फोनला साधारण निम्मी पॉवर पुरते. फोर-जीत दुसरा संच पाठवतोही, पण टू-जीच्या काळात तो लावला तो मुख्यतः ऐकण्यासाठी.

टॉवर गावाबाहेर नेलात तर? वस्तीत अंतर दुप्पट झालं की सिग्नल साधारण दहा पटीने पडतो. ती तूट भरून काढतो तो कानाला लावलेला फोन.

मात्र पॅनलच्या अगदी समोर, त्याच उंचीवर कुणाची खिडकी असेल तर ती तक्रार वेगळी आणि रास्त. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागवता येते. ती मागवा, आकडे इथे टाका, मग बोलू.