सोलच्या पंगतीत डावा हात

मराठी घरात जेवणाच्या वेळी डाव्या हाताला काम नसतं. तो मांडीवर ठेवायचा, फार तर त्याने पाण्याचं भांडं उचलायचं, आणि कुणाला काही देताना तो चुकून पुढे आला की आजी डोळे वटारते. कोरियात या बसून खाणाऱ्या हाताला पहिल्या मिनिटापासून कामाला जुंपतात. कार्ड, पावती, भेटवस्तू, बाटली, काहीही असो. नुसत्या एका हाताने पुढे केलं की फेकून मारल्यासारखं दिसतं. वस्तू दोन्ही हातांनी धरायची, नाहीतर उजव्याने द्यायची आणि डावा हात उजव्या मनगटाला किंवा कोपराखाली टेकवायचा. जुन्या पोशाखाची रुंद बाही ताटात लोळू नये म्हणून ती आवरून धरत, त्यातून ही रीत आली असं सांगतात. बाह्या गेल्या, हात राहिला. आपण तीर्थ घेतो तसं घ्यायचं आणि द्यायचं, की निभावतं. मग समोर कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा का असेना आणि हातात केळ्याच्या चवीच्या दुधाची बाटली का असेना.

खरी मेहनत पुढे आहे. समोरचा आपल्यापेक्षा मोठा की लहान, हे कळल्याशिवाय तिथे माणसाला धड वाक्यही पुरं करता येत नाही, कारण क्रियापदाचं शेपूट ऐकणाऱ्याच्या मानाप्रमाणे बदलतं. म्हणून ओळख झाली रे झाली की जन्मसाल विचारतात. ही चौकशी बायोडेटासाठी नसते, व्याकरणासाठी असते. पूर्वी मूल जन्मतःच एक वर्षाचं धरत आणि १ जानेवारीला सगळा देश एकदम एका वर्षाने मोठा होई. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं. २८ जून २०२३ पासून कायद्याने जगासारखं वय मोजायला सुरुवात झाली आणि कागदोपत्री माणसं एक-दोन वर्षांनी तरुण झाली. पंगतीत त्याने फरक पडत नाही. वय कसंही मोजा, तुमच्याआधी जन्मलेला तुमच्याआधीच जन्मलेला राहतो.

मोठा कोण हे ठरलं की वाकायचं किती हेही ठरतं. बरोबरीच्याला मान तुकवली तरी चालते, साहेबांना कंबरेतून वाकायचं. जमिनीवर गुडघे टेकून घालायचा मोठा नमस्कार मात्र जपून. नववर्षाला घरच्या वडीलधाऱ्यांना तो एकदाच घालतात. दोनदा घालतात तो मेलेल्यांना. आपल्याकडच्या उत्साहात तुम्ही पुन्हा वाकलात, तर समोरच्या आजोबांचं हयातीतच श्राद्ध उरकलंत.

आता जेवण. दार सरकवून आत जा, बूट काढायचे असतील तर काढा (मोजे बघूनच घरून निघावं) आणि दारापासून लांबची, ऐसपैस जागा मोठ्यासाठी सोडून बसा. चमचे आणि चॉपस्टिक्स कुठे दिसत नाहीत म्हणून वेटरला हाका मारू नका. टेबलाच्या कडेला खाली हात घाला, तिथे खण असतो. कागदी रुमालही बहुधा त्यातच. सगळ्यांत लहान असाल तर चमचे मांडणं आणि पाणी ओतणं हे तुमचं काम. वाढणाऱ्या बाईंना बोलवायला टेबलावर बटण असतं. नसेल तर ‘इमो’, म्हणजे मावशी, अशी हाक चालते. खानावळीत मावशी म्हणायला आपल्याला कुणी शिकवायला नको.

चॉपस्टिक्स धातूच्या, बारीक आणि चपट्या. त्यांनी काळ्या सोयाबीनचा गुळगुळीत दाणा उचलणं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे; मी त्या वाटीकडे सभ्यपणे दुर्लक्ष करावं या मताचा आहे. भात आणि सूप चमच्यानेच खायचं, आणि वाटी टेबलावरून उचलायची नाही. खरं तर ती उचलवतही नाही. भात झाकणाच्या स्टीलच्या वाटीत भरून आधीच गरम कपाटात ठेवलेला असतो. या वाटीचं मापसुद्धा सरकारी: तांदूळ वाचवायच्या काळात, १९७६ साली, सोल शहराने हॉटेलांना आतून १०.५ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच वाटी लावून दिली. झाकण काढताना बोटं पोळतात, त्यामुळे डावा हात बराच वेळ कानाच्या पाळीवर असतो. चमचा किंवा काड्या भातात उभ्या खोचू नका. पितरांच्या जेवणात चमचा असा उभा करतात, आणि एका संध्याकाळी किती जणांना पितरांत ढकलायचं यालाही मर्यादा असावी.

पहिला घास सर्वांत मोठ्याचा. त्याने चमचा उचलेपर्यंत थांबायचं, आणि त्याने खाली ठेवल्यावर आपण हादडत बसायचं नाही. साहेब भराभर जेवणारे निघाले, आणि बहुतेक निघतात, तर तुम्ही उपाशी. त्यात गोचुजांगचा, म्हणजे लाल मिरचीच्या आंबवलेल्या चटणीचा, तिखट रस्सा उकळत समोर येतो. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला तिखटाची भीती नसते, पण नाकाला ही मर्दुमकी माहीत नसते. ते गळतं, आणि जेवणाच्या टेबलावर नाक शिंकरणं हा तिथे मोठा असभ्यपणा. टिपायचं, सोसायचं, आणि अगदीच अनावर झालं तर उठून बाहेर जायचं. काटेकोर शाकाहाऱ्याचे हाल तर विचारू नका. ‘मांस नको’ म्हटलं की मांस तेवढं काढतात. किमचीत, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या कोबीत, खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो, रस्सा सुक्या मासळीच्या पाण्यात होतो, आणि भाज्यांच्या किंबापमधून, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या वळकटीतून, हॅम डोकावतं. त्यांनी बौद्ध मठाचं जेवण देणारी जागा शोधावी. तिथे मांस-मासळी तर नसतेच, वर कांदा-लसूणही वर्ज्य. पुण्यातल्या जैनाने मात्र तिथेही मुळा-बटाटा बघूनच जेवावं.

सोजूची, म्हणजे तिथल्या दारूची, बाटली उघडली की डाव्या हाताची परीक्षा सुरू. ओतताना उजव्यात बाटली, डावा खाली किंवा मनगटाशी. घेताना पेला दोन्ही हातांत. पेल्यात थेंबभर उरली असेल तर वरून भर घालायची नाही, आधी संपू द्यायची. स्वतःच्या पेल्यात स्वतः ओतायची नाही. तसं केलं तर समोर बसलेल्याला तीन वर्षं साडेसाती म्हणे. पेला भिडवताना आपली कड मोठ्याच्या कडेपेक्षा खाली हवी. दोघेही नम्र असले तर पेले खाली खाली जात टेबलाला टेकतात. मग तोंड बाजूला वळवून प्यायचं, मोठ्याच्या समोर घोट घ्यायचा नाही. बाटली ३६० मिलिलिटरची, पेला साधारण ५० चा, म्हणजे सात पेले आणि थोडी. सातला दोन, तीन, चार, पाच, सहा, कशानेच भाग जात नाही. दोघांत एक उरतो, चौघांत एक कमी पडतो, आणि हिशेब जुळवायला दुसरी बाटली मागवावी लागते. न पिणाऱ्याने ‘सायडर’ मागवावं. नाव दारूसारखं असलं तरी तो गोड लिंबू सोडा असतो, आणि तो ओततानाही डावा हात लागतोच.

बिल वाटून भरायची पद्धत तरुणांत आता रूढ झाली आहे, पण साहेब बरोबर असले तर पैसे साहेबांचे. धाकट्याने यावर वाद घालायचा नसतो. त्याने दारात बुटाची नाडी बांधत बसायचं, काउंटरवरचा व्यवहार उरकेपर्यंत. टिप ठेवायची नाही. ठेवलीत तर विसरलेले पैसे म्हणून कुणीतरी मागे धावत येईल. आणि हा झाला फक्त पहिला मुक्काम. पुढे दुसरी जागा, तिथे तळलेलं चिकन आणि बिअर, मग नोरेबांग, म्हणजे खोली भाड्याने घेऊन गाणी म्हणणं. दुसऱ्या जागेचं बिल धाकट्याने पुढे होऊन भरणं शोभतं. नाडीचा उपयोग एकदाच.

एवढं सगळं पार पाडून मेट्रोत शिरावं, तर दारातच एखाद्या मावशींचं कोपर बरगडीत बसतं आणि त्या वळूनही बघत नाहीत. यात विसंगती काही नाही. तुमची ओळख नाही, म्हणजे वय माहीत नाही, म्हणजे तुम्हाला द्यायचा मान अजून ठरलेला नाही. डब्याच्या टोकांना वृद्धांची बाकं रिकामी दिसतील, गर्दीतही. तिथे बसू नका. तिथे बसायला येणाऱ्या आजींचं वय कुणाला विचारावं लागत नाही, आणि त्यांचं कोपर मघाच्या मावशींपेक्षा टोकदार असतं.