धुराड्याची इमारत तुरुंग नव्हे, जुनी जीन आहे

वऱ्हाडातल्या गावाकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय आणि आता तो आमच्या भाचरांच्या मोबाइलवरही आलाय. गावाबाहेरची धुराड्याची पडकी इमारत म्हणे १८५७चा इंग्रजांचा तुरुंग. खड्ड्यात फाशी, धुराड्यात प्रेतं, बुडाशी किल्ल्यापर्यंत भुयार, शिवाय एक चोरदरवाजा. वर आव्हान: ‘हिंमत असेल तर भुयारात उतरा.’

अहो, ती कापसाची जिनिंग-प्रेसिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी काढून उरलेल्या रुईच्या गठाणी दाबायचा कारखाना.

आधी भुयार, कारण पोरं त्यातच शिरणार. यंत्रांसाठी वाफ करणारा बॉयलर एका खोलीत, धुराडं जरा लांब. दोन्हींना जोडणारी ही जमिनीखालची विटांची धूरवाट. काजळी काढायला माणूस सरपटत जाईल एवढी ठेवत, म्हणून भुयार वाटते. बॉयलरच्या चौथऱ्यामागे तिचं दुसरं तोंड सापडतं. किल्ला राहिला बाजूलाच. आत बोट फिरवा, काळं होईल. कमानीतला चुना वर्षानुवर्षं तापून भुसभुशीत झालेला, त्यात वरून मुळ्या घुसलेल्या. खांदा घासला तरी वीट सुटते. हवा खेळत नाही, साप असतात. दोन्ही तोंडं दगडांनी बुजवा, आजच.

फाशीचा खड्डा प्रेसचा. रुई वरच्या मजल्यावरून पेटीत टाकायची, माणसांनी पायांनी तुडवायची, मग खालून दट्ट्या चढायचा. दट्ट्याचा सिलिंडर जमिनीखाली म्हणून खड्डा, पेटी उंच म्हणून खोली उंच. त्यातून ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे १७८ किलोंची गठाण निघे.

चोरदरवाजासाठी १९२५चा कापूस जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा उघडा. कापूस आत आणायचं दार वेगळं, रुई बाहेर न्यायचं वेगळं, हे त्यानंतरच्या नव्या जिनांना सक्तीचं होतं. भेसळ रोखायची होती, कैदी पळवायचे नव्हते.

भिंतीतली चौकोनी भोकं शाफ्टच्या, म्हणजे यंत्रं फिरवणाऱ्या लांब दांड्याच्या, बेअरिंगची. प्रेतांबद्दल काय बोलायचं? बॉयलरचा धूर होता तो.

इंग्रजांच्या काळातली, एवढं मात्र खरं. पण १८५७ला वऱ्हाडात रेल्वेही नव्हती. जलंब-खामगाव फाटा १८७०चा. कापूस गाडीने मुंबईला जाऊ लागल्यावर या जिनांचं पीक आलं.

अजून शंका असेल तर लांबट खोलीतला पालापाचोळा झाडून बघा. ओळीने दगडी बैठका आणि त्यांत उभे गंजके बोल्ट दिसतील. मेसेजवाल्याने त्यांनाच साखळदंडाचे खुंटे ठरवलंय. त्यांवर सरकी काढायची यंत्रं बसवलेली असत.