मावशी भारतात कधी आल्या?

सकाळी घरच्या ग्रुपवर एका काकांचा मेसेज: चीनने डोळे वटारले की भारताने सरळ तिबेट कार्ड बाहेर काढावं, म्हणजे तिबेटींचा प्रश्न पुढे करून चीनला दाबावं. खाली अंगठ्यांची रांग, त्यात माझा सख्खा भाऊ. तेव्हापासून डोकं तापलंय. बाहेर काढायला आणि परत खिशात घालायला ती माणसं आहेत हो!

गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटींची वसाहत आहे, १९७२ पासूनची. तिथली एक मावशी पावसाळ्यात धान लावते आणि हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकते. (माल लुधियान्याचा, तरी गिऱ्हाईक विचारणारच, "चायनाचा आहे का?") तिच्या आरसीचं, म्हणजे परदेशी म्हणून नोंदणीच्या कागदाचं नूतनीकरण होतं, म्हणून मी सोबत गेले होते. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "भारतात कधी आल्या?" मावशी म्हणाली, "मी कुठून येईन साहेब? मी इथंच जन्मली." साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. "तारीख सांगा."

मावशीचा जन्म १९७६ चा. १ जुलै १९८७ च्या आधी इथे जन्मलेला माणूस कायद्याने जन्मतःच भारतीय. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी मुलीच्या पासपोर्टच्या खटल्यात हेच सांगितलं. २०१७ मध्ये अशांना पासपोर्ट द्यायचं ठरलं, तेव्हा अट काय? आरसी परत करा आणि वसाहतीत राहू नका. म्हणजे नागरिक व्हायचं तर आधी घर सोडा.

चीनबद्दल वेगळं काय सांगू? १९९५ मध्ये दलाई लामांनी सहा वर्षांच्या एका मुलाला पंचेन लामा, म्हणजे त्यांच्या खालोखालचा धर्मगुरू, म्हणून जाहीर केलं. चीनने त्याला उचललं, तो आजतागायत जगाला दिसलेला नाही. २००७ पासून तिथे लामांच्या पुनर्जन्मालाही सरकारी मंजुरी लागते, तीही देव न मानणाऱ्या पक्षाची. पोरांना निवासी शाळांत घालून त्यांची भाषा विसरायला लावणं चालूच आहे. यावर आपलं सगळ्यांचं एकमत आहे, आणि तेवढ्यावरच आपण खूश असतो.

आपलं काय? १९५४ च्या करारात 'चीनचा तिबेट प्रदेश' असं लिहून दिलं आणि पंचशील म्हणून मिरवलं. १९६२ मध्ये मार खाल्ल्यावर त्याच तिबेटींची गुप्त फौज उभारली. ती १९७१ मध्ये चितगावच्या डोंगरांत लढली, पण उघड कौतुक नाही. २००३ मध्ये वाजपेयी बीजिंगला गेले आणि तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचाच, हे मान्य करून आले. तेव्हा दोन्हीकडच्या भक्तांनी एकमेकांकडे बोटं दाखवू नयेत. २०१८ मध्ये तिबेटींना दिल्लीत भारताचे आभार मानायचे होते, तर सरकारी लोकांनी तिकडे फिरकू नये असं पत्र निघालं. आभारसुद्धा अडचणीचे! दोनच वर्षांनी लडाख पेटलं. पँगाँगजवळ सुरुंगाच्या स्फोटात त्याच गुप्त फौजेतला तिबेटी जवान न्यिमा तेन्झिन गेला, तेव्हा त्याच्या शवपेटीवर तिरंगा आणि तिबेटचा झेंडा दोन्ही होते. भाजपचा एक मोठा नेता अंत्यसंस्काराला गेला, त्याने ट्वीट केलं. मग ते ट्वीटच गायब.

मान्य, जमीन दिली, शाळा दिल्या, कर्नाटकात बायलकुप्प्याला मठ उभे राहिले, एवढं दुसऱ्या कुठल्या देशाने केलं नाही. लिहिलं, झालं समाधान?

आणि हो, बरेच तिबेटी स्वतःहूनच नागरिकत्व घेत नाहीत. मावशीच्या वडिलांनी मरेपर्यंत अर्ज केला नाही. ते हिमालयात रस्त्यांवर खडी फोडून इकडे आलेले, कायम म्हणायचे, परत जायचं आहे. त्यांचं मला कळतं. मावशीने मात्र ल्हासा पाहिलेलं नाही. तिला वडिलांचा शब्द मोडायचा नाही आणि गोठणगावही सोडायचं नाही. हे त्या साहेबांच्या फॉर्मवर कुठल्या रकान्यात भरायचं?

काका, तुम्ही हे वाचताय, मला माहीत आहे. मागच्या डिसेंबरात तिच्याकडूनच घासाघीस करून जॅकेट घेतलंत तुम्ही. रविवारी मी तिच्या दुकानावर जाणार आहे. चला सोबत, आणि ते कार्डाचं तिला तोंडावर सांगा. बाकी ज्यांना नेहरू-मोदी खेळायचंय, त्यांनी आपापल्या भिंतीवर खेळा, इथल्या कमेंट मी उडवणार.