नियम ५३ वाचलाय का कुणी?

परवा ग्रुपवर विधानसभेतल्या गोंधळाचा एक व्हिडिओ फिरत होता आणि खाली सगळ्यांचं तेच, यांना काही नियमबियम आहेत की नाही. आहेत हो. "महाराष्ट्र विधानसभा नियम" नावाचं अख्खं पुस्तक आहे, घटनेच्या कलम २०८ ने सभागृहाला आपलं कामकाज कसं चालवायचं ते स्वतःच ठरवायचा अधिकार दिलाय, त्यातून ते आलंय. प्रॉब्लेम हा आहे की ते नियम ज्यांच्यासाठी आहेत तेच ते लिहितात, तेच बदलतात, आणि आपण बाहेरचे कुणी ते उघडूनसुद्धा बघत नाही.

मीही बघितलं नव्हतं. ५ जुलै २०२१ ला विधानसभेने भाजपच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केलं, तालिका अध्यक्षांशी, म्हणजे अध्यक्ष नसताना त्यांच्या जागी बसून सभागृह चालवणाऱ्या सदस्याशी, गैरवर्तन केल्याचा आरोप होता. मी त्या पक्षाचा मतदार नाही, तेव्हाही नव्हतो, आणि खरं सांगतो बातमी वाचून मला बरंच वाटलं होतं, म्हटलं बसा आता वर्षभर घरी. एका वकील मित्राला हे बोललो तर तो एवढंच म्हणाला, नियम ५३ वाच आणि मग बोल.

वाचला. त्यात पायऱ्या आहेत. सदस्य फारच बेशिस्त वागला तर अध्यक्ष त्याला बाहेर जायला सांगू शकतात, मग त्या दिवसाच्या उरलेल्या बैठकीला तो नाही, आणि त्याच अधिवेशनात पुन्हा तसंच झालं तर अधिवेशन संपेपर्यंत नाही. बस, इथे संपलं. एक वर्ष हा शब्दच नाही तिथे. म्हणजे हेतू शिक्षा देणं हा नाहीच, आजचं कामकाज नीट चालावं एवढाच आहे, आणि माणूस बाहेर गेला की कामकाज चालतंय, मग वर्षभर कशाला?

२८ जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ते निलंबन त्या अधिवेशनापुरतंच वैध धरलं आणि पुढचं सगळं रद्द केलं. कोर्टाचा मुद्दा मला आजही डोक्यात बसलाय, की हे बडतर्फीपेक्षाही वाईट आहे. का, तर आमदाराला काढूनच टाकलं तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, लोकांना दुसरा माणूस मिळतो. वर्षभर निलंबित ठेवलं तर जागा भरलेली पण खुर्ची रिकामी. म्हणजे शिक्षा आमदाराला नाही, मतदारसंघाला. रस्त्याचा प्रश्न असो, पाण्याचा असो, त्या भागातून ना तारांकित प्रश्न (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो) जाणार ना लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना) लागणार, आणि तिथल्या लोकांनी काय गुन्हा केला होता? खरंतर कलम २१२ मुळे सभागृहाच्या कामकाजात प्रक्रियेतली चूक काढून कोर्टात जाता येत नाही, पण कोर्टाने सांगितलं की चूक वेगळी आणि घटनाबाह्य कृती वेगळी. त्या दिवशी मला माझ्या "बरं झालं" ची लाज वाटली.

दुसरी गोष्ट नियम ६ ची, अध्यक्षांच्या निवडणुकीची, आणि ही तर सगळ्या पक्षांनी भिंतीवर लावावी अशी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोलेंनी अध्यक्षपद सोडलं आणि खुर्ची रिकामी झाली. आधी ही निवडणूक गुप्त मतदानाने व्हायची. डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने नियम बदलून ती उघड, आवाजी मतदानाने केली, कारण उघड होतं, आपली मतं फुटायला नकोत. भाजपने कडाडून विरोध केला, राज्यपालांनी निवडणुकीला तारीख दिली नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं. मग जून २०२२ मध्ये सरकार पडलं, आणि ३ जुलै २०२२ ला अध्यक्षपदाची निवडणूक झाली ती त्याच बदललेल्या नियमाने, शिरगणती होऊन, भाजपचे राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले. ज्यांनी नियम केला ते हरले, ज्यांनी विरोध केला त्यांच्या तो कामी आला. अवघ्या सहा महिन्यांत!

आणि मधली सतरा महिने विधानसभेला अध्यक्षच नव्हते हे पण लक्षात घ्या, उपाध्यक्षांवर काम चाललं. घटना म्हणते अध्यक्ष "शक्य तितक्या लवकर" निवडा, आता लवकर म्हणजे किती ते कुठेच लिहिलेलं नाही.

उघड मतदान बरं की गुप्त, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. माझं स्वतःचं मत उघडच्या बाजूने आहे, आमदार कुणाला मत देतो ते मतदारांना कळायलाच पाहिजे. पण आपल्या हातात आकडा आहे तोवर आपल्या अडचणीपुरता नियम बदलायचा हे मला पटत नाही, कुठल्याही पक्षाने केलं तरी. मला वाटतं अध्यक्षांची निवड, निलंबन, मतविभागणी (बाजूची आणि विरोधातली मतं मोजणं) यांच्या नियमात बदल करायचाच असेल तर तो पुढच्या विधानसभेपासून लागू व्हावा. मग बदलणाऱ्यालाच माहीत नसेल की उद्या आपण कुठल्या बाकावर बसणार, आणि माणूस आपोआप नीट विचार करून लिहील.

कोरमचा नियमही बघा, म्हणजे बैठक चालायला लागणारी किमान हजेरी. एक दशांश सदस्य हजर हवेत, २८८ चे २९. फक्त २९! अधिवेशनाचं लाइव्ह मी आता नेमाने बघतो, रात्री उशिरा रिकामे बाक दिसतात आणि विधेयक येतं, होयचे बहुमत, होयचे बहुमत, मंजूर. तेवढ्यात एखाद्या सदस्याने उठून हरकतीचा मुद्दा घेतला, म्हणजे नियम मोडला जातोय असं अध्यक्षांना दाखवून दिलं, की आपल्याला वाटतं हा कशाला अडवतोय. मला आता उलट वाटतं, तो एकटा उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात संख्या नसते, ते पुस्तकच असतं.

आमच्या आमदारांना मी मागच्या आठवड्यात पत्र पाठवलंय, ते सत्तेत आहेत म्हणून मुद्दाम. दोनच गोष्टी विचारल्यात, नियम ५३ च्या पलीकडे जाऊन कुणाला निलंबित करायचा प्रस्ताव आला तर तुम्ही होय म्हणाल की नाही, तो सदस्य विरोधी पक्षाचा असला तरी, आणि नियमातले बदल पुढच्या विधानसभेपासून लागू करायला तुमची तयारी आहे का. उत्तर आलं की इथेच टाकतो. तुमच्या आमदारांनाही विचारा आणि काय म्हणाले ते खाली लिहा.