'टेक'पुढे टेकले हात

इंग्रजी फाडफाड बोलायचंय ना? मग मोठाले शब्द घोकायचा नाद सोडा. एक 'टेक' घ्या. टेक म्हणजे घेणे, हे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक. झालं, निम्मं इंग्रजी आलं. उरलेल्या निम्म्यासाठी त्याला इन, ऑफ, अप, आउट यातलं हाताला लागेल ते शेपूट लावायचं. अर्थ ऐकणारा लावेल.

'टेक ऑफ' म्हणजे विमानाने उडणं, माणसाने बूट काढणं आणि साहेबांची पाठ वळली की त्यांची नक्कल करणं. (आपल्याकडे विमान 'टेक ऑफ घेतं', म्हणजे दोनदा घेऊन एकदाच उडतं.) 'टेक इन' तर फारच सोपं. निराधाराला घरात घ्या, सैल झगा शिवणीत घ्या, नाहीतर समोरच्याला टोपी घाला. 'टेक आफ्टर' म्हणजे नंतर घेणे नव्हे, बापावर जाणे.

चुकायला घाबरू नका. ऑफिसच्या कामाला इंग्लंडात यॉर्कला गेलो होतो, तेव्हा तिथल्या साहेबाने घरी जेवायला बोलावलं. बाई कुस्करलेले मटार आग्रहाने वाढत होत्या. मी उठून छातीठोकपणे म्हणालो, "वुई आर टेकन इन बाय युवर हॉस्पिटॅलिटी." भारावलो म्हणायचं होतं, निघालं ते 'तुमच्या पाहुणचाराने आम्हाला गंडवलं'. बाईंनी मटारच्या भांड्यावर झाकण ठेवलं. पुन्हा जेवायला जायचा त्रास वाचला.

आणि लाजायचं कशाला? 'टेक' हा शब्द मुळात इंग्रजांचाही नाही. त्यांचा जुना शब्द 'निमान'. मग स्कँडिनेव्हियातून जहाजांवरून व्हायकिंग आले. ७९३ मध्ये लिंडिसफार्नचा मठ लुटला, ८६६ मध्ये हेच यॉर्क घेतलं, आणि उचलता येईल ते सगळं उचलून मोबदल्यात 'घेणे' एवढं क्रियापद दिलं. इतके प्रामाणिक दरोडेखोर आता मिळत नाहीत. 'निमान'च्या वंशात 'नंब' उरला. नंब म्हणजे बधीर. त्या रात्री बाईंचा चेहरा होता तसा.

आपल्या 'घेणे'ला असले चाळे ठाऊक नाहीत. आपण नाव घेतो, फिरकी घेतो, मनावर घेतो, पदरात पाडून घेतो. सगळं कसं सरळ! हे मी त्या साहेबालाही पटवून दिलं होतं. तो पुण्याला आमच्याकडे जेवायला आला तो चार मराठी वाक्यं पाठ करूनच. आई म्हणाली, "आमटी घ्या ना अजून, लाजू नका." त्याने हात जोडले आणि शुद्ध मराठीत सांगितलं, "नको काकू, मी रात्री घेतो."

आईने आमटीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.